शस्त्रक्रियेपूर्वीं पिलूं घरीं आणावें काय?

कुत्र्याचें पिलूं पाळावें कीं न पाळावें, हा प्रश्न वरवर पाहतां इतका क्षुल्लक आहे कीं त्याला ह्या पत्रांत जागा दिलेली पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु एका शेतकरी बंधूनें तो ज्या प्रसंगीं आम्हांस विचारिला, तो प्रसंग ध्यानांत घेतला असतां त्यांत नीतीचा बराच मोठा विषय सांठला आहे असें दिसून येईल. ह्या गृहस्थांचें वय पन्नाशीपुढें गेलें असून त्यांस अंतर्गळाची व्यथा आहे, आणि तीन आठवड्यांनीं शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. इकडे शेजाऱ्याच्या कुत्रीचीं पिलें दोन महिन्यांचीं होत आलीं. त्यांतील एक तांबूस पिलूं ह्यांच्या मागें मागें खळ्यापर्यंत येतें. शेजारी म्हणतो, न्यावयाचें तर ह्याच आठवड्यांत न्या, नाहींतर दुसरा कोणी नेईल. पत्नी नको म्हणते. शहरांत नोकरीस असलेली कन्या म्हणते, "घ्या बाबा, अंथरुणावर पडल्या पडल्या तुमचें मन रमेल."

कन्येच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. रुग्णशुश्रूषेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्यास लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती होतो, असें सांगून ठेविलें आहे. पण ह्याच बाईंच्या चरित्रांत दुसरीही एक गोष्ट आहे, ती मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. १८५० सालीं अथेन्स शहरीं त्यांनीं घुबडाचें एक पिलूं मुलांच्या तावडींतून सोडविलें, त्याचें नांव अथीना ठेविलें, आणि त्याला त्या आपल्या खिशांत बाळगीत. पुढें १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांतील जखमी शिपायांच्या सेवेस जाण्याची त्यांची तयारी सुरू झाली. त्या धांदलींत अथीनाला घराच्या माळ्यावर ठेवण्यांत आलें. तेथें उंदीर खाऊन तें राहील अशी घरच्यांची समजूत होती. माणसाच्या हातून खाण्याची संवय जडलेलें तें पांखरूं तेथें मेलें. त्याचें पेंढा भरलेलें शरीर आज लंडन येथील नाइटिंगेल संग्रहालयांत आहे.

ह्या गोष्टींत दुष्ट असें कोणीच नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. घरांत सर्वांचें चित्त एका मोठ्या व योग्य कार्यांत गुंतलें होतें, आणि तशा वेळीं लहान जीव कोणाच्याच हिशोबांत राहिला नाहीं. शस्त्रक्रिया ही तशीच गोष्ट आहे. रक्ताची तपासणी, पैशांची जुळवाजुळव, रुग्णालयांत कोणी राहावयाचें, गुरांना वैरण कोणी घालावयाची, ह्या विचारांत घर बुडून जातें.

आतां पिलाची गरज पहा. दोन महिन्यांचें पिलूं दिवसांतून तीनचार वेळां खातें, आणि रात्रींही त्यास लघवीसाठीं एकदोनदां बाहेर न्यावें लागतें. जंताचें औषध व लसी वेळच्या वेळीं द्याव्या लागतात. पिसाळण्यावरील लस तर बहुधा तीन महिन्यांचें झाल्यावरच टोंचतात, म्हणजे तोंवर त्याच्या दुधाच्या दांतांचा ओरखडाही हलका लेखतां येत नाहीं. शिवाय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा जो काळ, त्यांत कुत्रें माणसांची, आवाजांची, मुलाबाळांची ओळख करून घेतें. हेच आठवडे तें खुंटाला बांधलेलें एकटें राहिलें, तर पुढें तें भितरें व चावरें होण्याची भीति असते. आणि गेलेले आठवडे मागाहून भरून काढणें फार कठीण जातें. आमच्या बंधूंचे रुग्णालयांतले व अंथरुणावरचे दिवस नेमके ह्याच काळांत येतात.

त्यांच्या प्रकृतीचाही विचार आहेच. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः चारसहा आठवडे जड वस्तु उचलूं देत नाहींत. पिलाला हें कोण समजावून सांगणार? तें प्रेमानें पोटावर उडी घेईल, टांक्यांपाशीं नाक घालील, चाटील. कुत्र्यानें चाटलें म्हणजे जखम भरते असा समज खेड्यांत आहे, आणि त्याला लाजराच्या दृष्टांतांतील कुत्र्यांचा दाखला जोडणारेही भेटतात. पण तो दृष्टांत औषधोपचार शिकविण्यासाठीं सांगितलेला नाहीं. कुत्र्याच्या लाळेंतील जंतु ताज्या जखमेस घातक ठरूं शकतात.

मग हें सर्व करील कोण? उत्तर सर्वांस ठाऊक आहे. पिलूं नवऱ्याचें, आणि रात्रीं दोन वाजतां उठणें बायकोचें. नवऱ्याचें पथ्य, गुरें, मळा, आणि वर तें केकाटणारें पिलूं. दुसऱ्याच्या श्रमांवर जी माया आपण करितों, तिला माया म्हणावें किंवा नाहीं ह्याविषयीं आम्हांस संशय आहे. कन्येचा सल्ला प्रेमाचा खरा, पण तो शहरांतून आला आहे.

कोणी म्हणेल, महाभारताच्या शेवटीं धर्मराज आपल्यामागें आलेल्या कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्यास तयार नाहीं; मग मागें मागें येणाऱ्या पिलाला नाहीं म्हणणें निर्दयपणाचें नव्हे काय? नव्हे. त्या कुत्र्यानें सर्व वाटभर त्याची सोबत केली होती, त्याच्याच आश्रयास तें राहिलें होतें. शेजाऱ्याच्या पिलाला अद्याप आई आहे, भावंडें आहेत, अन्न आहे. न घेणें आणि घेऊन टाकणें ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पिलूं दारांत आणण्यापूर्वीं आपण त्याचे कांहीं लागत नाहीं; आणल्या दिवसापासून लागतों, आणि मग आजाराची सबब त्याच्यापुढें चालत नाहीं. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूनें दिला, तो येथेंही लागू पडतो. अर्थात् तेंच पिलूं आईवेगळें होऊन पावसांत गटारांत कुडकुडत सांपडलें असतें, तर आमचें उत्तर निराळें असतें; तें उचलून आणा, आणि मंडळींतील एखाद्या कुटुंबानें दोन महिने तें सांभाळावें, असें आम्हीं सांगितलें असतें.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेचा दिवस जवळ आला म्हणजे मनुष्यास कांहीं तरी नवें आरंभावेंसें वाटतें. कोणी आंब्याचें रोप लावितो, कोणी कालवड घेतो, कोणी घाईघाईनें मुलीची सोयरीक जुळवितो. मी परत येणार, अशी स्वतःला दिलेली ती हमी असते. ह्या भीतीला आम्हीं दोष देत नाहीं. भूल देण्याच्या टेबलावर निजणें म्हणजे कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु आपल्या भीतीला जामीन म्हणून दोन महिन्यांच्या मुक्या जीवाला उभें करूं नये. रोप लावावें हें बरें. त्याला पाणी देणें सोपें आहे, आणि तें रात्रीं रडत नाहीं.

तेव्हां आमच्या बंधूंनीं आधीं शस्त्रक्रिया करून घ्यावी, आणि वजन उचलण्यास डॉक्टरांनीं मोकळीक दिल्यावर पिलूं पाहावें. शेजारी तोंवर थांबला तर उत्तम. आईजवळ व भावंडांत आणखी कांहीं दिवस राहिल्यानें पिलाचें बिघडणार नाहीं, उलट खेळतांना दांत किती लावावा हें तें त्यांच्याकडूनच शिकतें. तांबूस पिलूं दुसऱ्यानें नेलें तर नेऊं द्यावें. गांवांत पिलांचा दुष्काळ कधीं पडत नाहीं. वयानें मोठें, शांत स्वभावाचें कुत्रें मिळालें तर आजारी माणसास तें अधिक सोयीचें.

त्यांच्या पत्रांत पत्नीचें म्हणणें एका शब्दांत आलें आहे, नको. तें कां नको, हें त्यांनीं लिहिलें नाहीं. बहुधा विचारिलेंही नसावें. तें आजच विचारावें. रुग्णालयांत नेण्याच्या दिवशीं विचारण्यांत अर्थ नाहीं, कारण त्या दिवशीं ती माउली कशालाही हो म्हणेल.