मुद्रित मैफल आणि नादाची साधना

संगीत शिकणाऱ्या मुलाने कोणासाठी गावे, या प्रश्नाची भारतीय परंपरेत दोन उत्तरे मिळतात. गाणे ही नादाची उपासना आहे, समोर श्रोता असो वा नसो, असे एक उत्तर. गाणे श्रोत्याच्या मनात पोचले तरच पुरे होते, हे दुसरे. गुरुपौर्णिमेच्या किंवा वार्षिक समारंभाच्या मंचावर विद्यार्थी बसतो आणि समोर कॅमेरा असतो, तेव्हा या दोन उत्तरांत तिसरा पक्षकार शिरतो: टिकून राहणारे मुद्रण. ते साधनेचे फळ मानायचे की साधनेतला अडथळा, हा येथील प्रश्न आहे.

पहिल्या दोन उत्तरांचा मेळ महाराष्ट्राच्याच भूमीवर, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात घातला गेला. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. अनाहत नाद मुनिजन उपासतात. तो मुक्ती देतो, पण त्यात रंजकता नाही. आघाताने उत्पन्न होणारा आहत नाद लोकांचे रंजन करतो आणि भवबंधही तोडतो. त्यामुळे लोकांसमोर गाणे ही मोक्षमार्गातली तडजोड ठरत नाही. हाच ग्रंथ गायकाचे पंचवीस दोषही मोजतो. त्यांत भिऊन गाणारा, भीतीदायक तोंड वासून गाणारा, डोळे मिटून गाणारा आणि अवधान नसलेला गायक येतो. म्हणजे मंचावरचे भय सातशे वर्षांपूर्वीही ठाऊक होते आणि त्याची गणना गाण्याच्या दोषांतच होत होती.

आधुनिक संगीतशिक्षणाने दुसऱ्या उत्तराकडे ठामपणे पाऊल टाकले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर न चालवता लोकांच्या मदतीवर उभे केले. सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत विद्या पोचायची तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि जाहीर जलसे अपरिहार्य होते. 1931 मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा आजही त्याच वाटेने चालतात. आळंदीला 1917 मध्ये सुरू झालेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मुले गायन आणि मृदंग शिकतात, पण कीर्तनसेवेसाठी. तेथे श्रोता आणि देव यांच्यात फारकत मानलेलीच नाही.

पहिल्या उत्तराचे टोकाचे उदाहरण अन्नपूर्णादेवींचे. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या या कन्येने ऐन उमेदीत जाहीर वादन सोडले आणि पुढची अनेक दशके मुंबईच्या घरात शिकवण्यात घालवली. त्यांच्या वादनाची मोजकीच मुद्रणे उरली आहेत. पण निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले आणि त्यांची वादने जगभर मुद्रित झाली. मुद्रणाला नकार देणारी साधना आणि मुद्रणात पोचणारी विद्या अशा रीतीने एकाच परंपरेत नांदली.

मुद्रणाने नेमके काय बदलले? 1902 मध्ये कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. त्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवण्यासाठी आलाप आखडला, ताना ठरवून घ्याव्या लागल्या आणि शेवट कधी करायचा हे घड्याळ सांगू लागले. त्याच तंत्राचा दुसरा टोकाचा परिणाम म्हणजे केसरबाई केरकर यांची भैरवी. ती 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गाणे गायकाहून दीर्घायुषी होऊ शकते, हे मुद्रणानेच प्रथम शक्य केले.

येथे मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद उपयोगी पडतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. हा वाद वेदाच्या शब्दासंबंधीचा आहे, संगीताविषयीचा नव्हे. पण तो रागाला लावून पाहिला तर एक भेद स्पष्ट होतो. भूप हा राग कोणा एका सायंकाळी संपत नाही. कोणा एका मुलीने गायलेला भूप मात्र त्या सायंकाळपुरताच असतो. मुद्रण टिकवते ते हे दुसरे. राग त्यात बंद होत नाही, आणि ती मुलगीही नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज वर्षभरात फुटतो. त्याने ज्या पट्टीत गाऊन टाळ्या घेतल्या ती पट्टी त्याच्या गळ्यातून निघून जाते. मुद्रणातला आवाज राहतो, त्याचा मालक पुढे गेलेला असतो.

फळाची आसक्ती आणि कर्मातील कौशल्य यांचा निवाडा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, असे तेथे सांगितले आहे. पण थोड्याच अंतरावर योग म्हणजे कर्मातील कौशल्य, असेही म्हटले आहे. त्यामुळे निष्काम वृत्तीच्या नावाखाली बेसूर गाणे खपवता येत नाही. आसक्ती कशी बाधते, हे अभिनवगुप्तांच्या रसचर्चेतून कळते. आपल्याच सुखदुःखात गुरफटणे हे रसास्वादातले एक विघ्न आहे, असे ते रसिकाविषयी सांगतात. कॅमेऱ्यासमोर हेच विघ्न गाणाऱ्यालाही घेरते: षड्ज कसा लागला याऐवजी आपण कसे दिसतो, याकडे मन जाते.

राग आणि एका सायंकाळचे गाणे यांतल्या भेदावरून तयारीची दिशा ठरते. कार्यक्रमाआधीच्या आठवड्यांत आठ मिनिटांचा बंदिशीचा आराखडा ठरतो, वहीत ताना लिहिल्या जातात, तिहाई समेवर येईपर्यंत घोटली जाते. प्राथमिक विद्यार्थ्याला पाठ ताना आवश्यकच असतात, कारण उपज येण्याआधी रागाची वाट पायाखाली यावी लागते. दोष तेव्हा येतो, जेव्हा एका विशिष्ट सायंकाळसाठी पाठ केलेल्या ताना रागाच्या ज्ञानाची जागा घेतात. तसे झाले तर तबलजीने लय किंचित वाढवताच मूल अडखळते. म्हणून रोजच्या रियाजात तंबोऱ्यावरचा खर्ज, पलटे आणि रागाचे मुक्त आलाप कार्यक्रमासाठीही कमी करू नयेत. मंचाची सवय होण्यासाठी आधीच दोनचार छोट्या बैठकी घ्याव्यात. त्या मुद्रित करून विद्यार्थ्याला ऐकवाव्यात. निषाद कुठे उतरला, सम कुठे हुकली, हे त्याने स्वतः शोधावे. असे मुद्रण आरशाचे काम करते.

समारंभाच्या दिवशी मात्र एकदा सुरुवात झाली की चूक झाली म्हणून गाणे थांबवून पुन्हा मुद्रित करण्याची मागणी शिक्षकाने मान्य करू नये. समेवर परत येण्याचे धैर्य ही त्याच दिवशी शिकायची विद्या आहे. पालकांनीही मुद्रण इतर मुलांशी तुलना करण्यासाठी वापरू नये.

मुद्रण हे साधनेचे फळ नव्हे आणि अडथळाही नव्हे. ती एका दिवसाच्या गाण्याची नोंद आहे. ज्या शिक्षणात त्या नोंदीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रियाज पूर्ववत सुरू होतो, ते शिक्षण योग्य मार्गावर आहे.