विकत मिळतें तें काय?

ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमध्यें गोलासमोर झुंजणारा उंच, बळकट आघाडीचा खेळाडू म्हणजे संघाचा आधारस्तंभ. असा खेळाडू द्रव्य देऊन आणला म्हणजे यशहि विकत मिळतें काय?

२०१३ सालीं हॉथॉर्नच्या अजिंक्यपदांत वांटा उचलून लान्स फ्रँकलिन नऊ वर्षांच्या, सुमारें एक कोटी डॉलरांच्या करारानें सिडनी संघांत गेला. येथें कृतघ्नतेचा आरोप सहज सुचतो. परंतु कराराची मुदत प्रामाणिकपणें पुरी करणाऱ्यास आजन्म ऋणी मानणें हें न्याय्य नव्हे. पुढच्याच वर्षीं अंतिम सामन्यांत हॉथॉर्ननेंच सिडनीला ६३ गुणांनीं हरविलें. २०१६ व २०२२ सालींहि सिडनीचें अजिंक्यपद अंतिम सामन्यांतच हुकलें. मग तें द्रव्य व्यर्थ गेलें म्हणावें काय?

२५ मार्च २०२२ रोजीं सिडनींत त्यानें आपला हजारावा गोल केला, तेव्हां हजारों प्रेक्षक हर्षभरानें मैदानांत धांवून आले. तो हर्ष कोणत्याहि करारांत लिहिलेला नव्हता. द्रव्यानें मनुष्याचें कौशल्य व परिश्रम मिळतात. यश अठरा जणांच्या हातीं आणि कांहींसें दैवाच्या हातीं असतें. ज्यानें परिश्रम पुरे दिले, त्याच्याकडे यशाचीहि बाकी मागणें म्हणजे त्यानें कधीं न घेतलेलें कर्ज वसूल करणेंच होय.