पसंतीक्रम कोणाचा?

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत हिशेब सुरू होतो. मेकॅनिकल घ्यायचे ठरले तर पुण्याचे सीओईपी मिळेल का, माटुंग्याचे व्हीजेटीआय जवळपास तरी येईल का, नाहीतर सांगलीचे वालचंद बरे की कराडचे सरकारी कॉलेज? आई मागच्या वर्षीचे कटऑफ वहीत उतरवून घेते, वडील मित्रांना फोन लावतात, क्लासचे सर दोन नावे सुचवतात आणि ज्याला चार वर्षे तिथे काढायची असतात तो मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला असतो. शेवटी ऑप्शन फॉर्म भरला जातो. त्यावर शब्द असतो 'पसंती'. ही पसंती नेमकी कोणाची, हा प्रश्न सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. तो बराच जुना आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही काम तडीस जायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. काम जिथे घडते ती जागा, ते करणारा, त्याची साधने, त्याची धडपड आणि त्याच्या हाताबाहेरचे जे काही असेल ते. जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असेही पुढे लगेच म्हटले आहे. टीकाकारांनी अधिष्ठानाचा अर्थ बहुधा देह असा केला आहे. पण जागा असा साधा अर्थ घेतला तर ही यादी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला चपखल बसते.

दैवापासूनच सुरुवात करू, कारण घरोघर ते नाकारले तरी जाते किंवा त्याच्याच डोक्यावर सगळे खापर तरी फोडले जाते. सीईटीचे पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत देतात. दोघांचे पर्सेंटाइल तंतोतंत सारखे आले तर आधी गणिताचे पर्सेंटाइल पाहतात. पाचव्या-सहाव्या आकड्याने एखाद्याचे कॉलेज बदलू शकते आणि त्या आकड्यात त्याच्या हुशारीचा वाटा किती, हे कोणीच सांगू शकणार नाही. होम युनिव्हर्सिटी कोणती, कोणत्या प्रवर्गातून अर्ज केला, वडिलांचे उत्पन्न किती, घरापासून कॉलेज किती लांब, मुलीला होस्टेलवर ठेवायला घरचे तयार आहेत का, हे सगळे दैवात आले. ज्याला पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळते त्याची जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. बाकीचे पुढच्या फेरीची वाट बघतात.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या संदर्भात घ्यावे असे आहे. ते मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. पण त्यांना रंग नीट ओळखता येत नव्हते. रंग सुटले, यांत्रिक ड्रॉइंग उरले आणि त्याच्या जोरावर ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. तेव्हा ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होते. तिथल्या यंत्रांत त्यांचा जीव रमला. पुढे बढती हुकली तशी त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे सुरुवातीला त्याला गिऱ्हाईकच मिळेना. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. डोळ्यांचा दोष आणि हुकलेली बढती ही दोन्ही दैवाची देणी. पण त्या दोन धक्क्यांनंतर काय करायचे, हे लक्ष्मणरावांनी ठरवले.

लोकमान्य टिळकांचा रोख याच ठिकाणी होता. मंडालेच्या तुरुंगात लिहून झालेले आणि 1915 मध्ये छापून आलेले 'गीतारहस्य' चाळले तर त्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे एक पूर्ण प्रकरण आढळते. आधीच्या कर्मांची साखळी माणसाला बांधते हे टिळक मान्य करतात. मात्र प्रयत्नाला सुरुवात करण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे उरतेच, असा त्यांचा आग्रह आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीत हवे ते कॉलेज हुकलेल्या मुलाला हा फरक समजावून सांगणारे कोणी घरात असेल तर त्याचा निम्मा भार हलका होतो.

आता कर्त्याकडे वळू. इथे मराठी घरांत हमखास 'स्वधर्म' येतो: ज्याचा जो पिंड त्याने ते करावे, दुसऱ्याचे बघून कॉम्प्युटर घेऊ नये. सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो सरळ गीतेच्या नावावर खपवता येत नाही. गीतेतला स्वधर्म वर्णाशी बांधलेला आहे आणि वर्ण ज्या समाजात जन्मावरून ठरत गेला तिथे बापाचा धंदा तोच मुलाचा स्वधर्म झाला. गीता चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार पुरवते, अशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका होती. मेकॅनिकलच्या वर्गात आज शेतमजुराची मुलगी आणि कारखानदाराचा मुलगा शेजारी बसतात, ते ही जन्माची बेडी तुटली म्हणूनच. तेव्हा स्वधर्माचा आधार घ्यायचाच असेल तर जन्म बाजूला ठेवून घ्यावा लागेल. मग उरतो तो कल: हाताने काही उघडून बघण्याची, बिघडलेले का बिघडले हे शोधण्याची ओढ. हा कल सतराव्या वर्षी पक्का झालेला असतोच असे नाही. कित्येकांना तो दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स शिकताना सापडतो, तर काहींना पदवी मिळाल्यावर.

मग सल्ला विचारायचा कोणाला? ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1945 मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. एकट्या पडलेल्या आईजवळ राहावे की जर्मनांविरुद्ध लढायला जावे, या पेचात तो मुलगा सापडला होता. सार्त्रने त्याला उत्तर दिले नाही; तू मोकळा आहेस, तूच ठरव, एवढेच सांगितले. पण त्याच ओघात तो एक मार्मिक गोष्ट बोलून गेला: सल्ला कोणाकडे मागायचा हे ठरवतानाच माणसाने आपला निर्णय अर्धा घेतलेला असतो. चाकणच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर वीस वर्षे काढलेला मामा आणि हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिणारा काका यांच्यापैकी पहिला फोन कोणाला लावला, यावरून फॉर्मवरची पहिली पसंती कळते. घरच्यांनी मुलाच्या वतीने फोन लावला तर अर्धा निर्णय त्यांनीच घेतलेला असतो.

स्वधर्मासारखेच फळाविषयीही गीतेच्या नावावर काहीबाही खपवले जाते. प्लेसमेंटचा विचार करणे म्हणजे फळाची आसक्ती, असे म्हणणारे अठराव्या अध्यायातलाच एक भाग विसरतात. परिणाम, नुकसान आणि आपली कुवत न बघता मोहाने सुरू केलेले काम तिथे तामस ठरवले आहे. फी किती, कर्ज किती, हप्ता कितीचा बसेल, हा हिशेब न करता 'नाव मोठे आहे' म्हणून घेतलेला प्रवेश याच सदरात मोडतो. सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा फ्लेक्सवर छापणारे कॉलेजही परिणामांकडे बघू देत नाही. मेकॅनिकलच्या किती मुलांना नोकरी लागली, त्यातल्या किती जणांना मेकॅनिकलचे काम मिळाले आणि मधला पगार किती, हे विचारल्यावर उत्तर देणारे कॉलेज निराळे असते.

ऑटोमोबाइल की मेकॅनिकल हा प्रश्नही असाच परिणामांकडे बघून सोडवावा. गेट परीक्षेत ऑटोमोबाइलचा वेगळा पेपर नाही. त्या मुलांना बहुतेक वेळा मेकॅनिकलचाच पेपर द्यावा लागतो. आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या भरतीत मात्र दोन्ही शाखा चालत आल्या आहेत. म्हणजे गाड्यांचे वेड असलेल्या मुलाने मेकॅनिकल घेतले म्हणून गाड्या सुटत नाहीत. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या एका आसनाच्या गाड्यांची 'बाहा' स्पर्धा 2007 पासून भारतात होते. तिच्यासाठी चॅसिस वेल्ड करणाऱ्या टोळक्यांत मेकॅनिकलचीच मुले जास्त दिसतात.

उरलेल्या कारणांपैकी दोन म्हणजे अधिष्ठान आणि करण, अर्थात जागा आणि साधने. ही डोळ्यांनी बघता येतात आणि फॉर्म भरताना नेमकी हीच बघायची राहून जातात. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायचा आणि कडेला ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. पात्याच्या आणि कडेच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. काही कॉलेजांत प्रत्येकाच्या हातात स्वतःची कानस असते. काही ठिकाणी पाच जणांत एक व्हाइस असतो आणि एक जण घासताना चौघे बघतात. जर्नलमध्ये जॉब सर्वांचा पूर्ण झालेला दिसतो.

लेथखालच्या ट्रेमध्ये ताज्या चिप्स आहेत की धूळ, टूलरूमच्या रजिस्टरवर शेवटची नोंद कधीची, इंजिनच्या लॅबमधले इंजिन या महिन्यात सुरू झाले होते का, हे विचारायला कोणताही दाखला लागत नाही. सीओईपीची सुरुवात 1854 मध्ये झाली तेव्हा तिच्या नावातच इंजिनिअरिंग क्लासच्या जोडीला मेकॅनिकल स्कूल होते. प्रवेशाच्या धामधुमीत ही हातकामाची बाजू मागे पडते, कारण कटऑफ घरबसल्या मोबाइलवर दिसतो आणि वर्कशॉप बघायला एसटी पकडून जावे लागते.

पाचांपैकी दैव कोणाच्याच हातात नाही. चेष्टा, म्हणजे धडपड, प्रवेशानंतरच्या चार वर्षांत करायची. फॉर्म भरण्याच्या त्या थोड्या दिवसांत कुटुंबाच्या हाती असते ते जागा आणि साधने पारखणे आणि कर्त्याला कर्ता राहू देणे. तेव्हा पालकांनी निदान दोन-तीन कॉलेजांची वर्कशॉप मुलाला किंवा मुलीला घेऊन प्रत्यक्ष बघावीत, फीचा आणि कर्जाचा हिशेब तिच्यासमोर मांडावा आणि ऑप्शन फॉर्मचा पासवर्ड तिच्याकडेच द्यावा. कॉलेजांचा शेवटचा क्रम तिने लावावा आणि फॉर्म तिनेच लॉक करावा.