उंदराची उदासी

निराशा मोजता येत नाही, हे आम्हां बँकवाल्यांना पटणं कठीण. जे आहे ते लेजरला चढलंच पाहिजे! रॉजर पोरसोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली ते करून दाखवलं. पाण्याने भरलेल्या उभ्या नळकांड्यात उंदीर सोडायचा. वर यायला वाट नाही. बिचारा धडपडतो आणि शेवटी नाक तेवढं पाण्याबाहेर ठेवून नुसता तरंगतो. ही म्हणे निराशा! औषध टोचल्यावर जास्त वेळ धडपडला, तर औषध गुणकारी.

आता वाट नाही हे कळल्यावर हातपाय आवरून दम राखणारा निराश, की शहाणा? आमच्यातले निम्मे लोक प्रमोशनच्या बाबतीत हेच करतात, त्यांना कोणी सुई टोचत नाही. शिवाय माणसाला या औषधांचा गुण यायला आठवडे लागतात. उंदीर एका दिवसात पोहायला तयार.

पण मला खुपतो तो हिशेब. उंदराचं दुःख आपल्यासारखं असेल, तर त्याला पाण्यात टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि नसेल, तर त्याच्यावरून आपलं औषध कसं ठरवायचं? एकच रक्कम जमेलाही आणि नावेलाही!

"माझा भाऊ त्याच गोळ्यांनी उठून बसला," सौ. म्हणाली. हे खरं आहे. मी सांगितलं, "अगं, इमिप्रामीनचा गुण स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी १९५०च्या दशकात रुग्णांकडे बघूनच ओळखला. उंदीर नंतर आले."

"आणि त्या रुग्णांना कुणी विचारलं होतं का?" ती म्हणाली.