चार्वाकाची एकतर्फी सुनावणी

चार्वाक म्हटलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते : कर्ज काढा, पण तूप प्या. क्रेडिट कार्डाच्या जमान्यात तर तो चंगळवादाचा मूळपुरुषच ठरला आहे.

पण हे चार्वाक म्हणाला, हे कुणी सांगितलं? बृहस्पतीच्या नावावर असलेला या मताचा सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. जे हाती आलं ते मुख्यतः खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. आरोपी गैरहजर आणि त्याचा जबाब फिर्यादीनं लिहिलेला, असा हा खटला आहे.

चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलं प्रकरण चार्वाकाचं आहे. तूप प्रसिद्ध झालं ते याच ग्रंथामुळे. मात्र त्याच प्रकरणाच्या आरंभी हा श्लोक वेगळ्या पाठात येतो आणि तिथं कर्जही नाही, तूपही नाही. मृत्यू कुणालाच चुकत नाही, तेव्हा जिवंत आहोत तोवर सुखानं जगावं, एवढंच तो सांगतो. एकाच प्रकरणात दोन पाठ. लोकांच्या तोंडी राहिला तो टिंगलीचा.

'दिसतं तेवढंच खरं मानणारा' हा शिक्काही असाच घाईचा. आठव्या शतकातला बौद्ध पंडित कमलशील पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत नोंदवतो : रोजच्या व्यवहारात चालणारं अनुमान आम्हालाही मान्य आहे, लौकिकाची हद्द ओलांडून ते ताणणं मान्य नाही. ही भूमिका आजच्या विवेकवाद्यालाही परकी वाटणार नाही. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी चार्वाकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. तरी बोलण्यात तूपच उरलं.

चार्वाकाच्या बाबतीत निदान मूळ ग्रंथ हरवल्याची सबब आहे. गीतेचं काय? पगारवाढ मागणाऱ्याला 'फळाची आशा धरू नकोस' असं ऐकवणारे दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक अर्धाच वापरतात. काहीच न करण्याचीही ओढ धरू नकोस, हे त्याच श्लोकात आहे. आणि तो सांगितला आहे शस्त्र खाली ठेवलेल्या अर्जुनाला.

गीता, उपनिषदं, धम्मपद, सगळं आज मराठी अनुवादासह मिळतं. मोबाइलवर आलेलं वचन पुढं पाठवण्याआधी त्याच्या मागचे-पुढचे दहा श्लोक वाचावेत. चार्वाकावर झाला तो अन्याय निदान जे ग्रंथ हाताशी आहेत त्यांच्यावर तरी आपण करू नये.