रिकाम्या जागेचं भाडं

विषय घाईचा आहे, म्हणून वाचन सावकाश करू.

मनात एक खोकं घ्या. पुठ्ठ्याचं, ६० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ४० उंच. आत काय भरायचं ते तुम्ही ठरवा. यंत्राचा सुटा भाग चालेल, औषधं चालतील, शिवून इस्त्री केलेले सदरे चालतील. खोकं मांडीवर ठेवून वजनाचा अंदाज घ्या. समजा, ८ किलो भरलं. आता तिन्ही मापांचा गुणाकार करा: १,२०,०००. त्याला ६,०००नं भागा. २० आले. हवाई मालवाहतुकीच्या हिशेबात तुमचं खोकं २० किलोंचं आहे आणि भाडंही २० किलोंचंच पडणार.

या वरच्या १२ किलोंपाशी जरा थांबा. ते वजन कशाचं? मालाचं नाही, पुठ्ठ्याचंही नाही. खोक्यानं जी जागा अडवली, तिचं. विमान दोन रीतींनी भरतं, वजनानं किंवा आकारमानानं, आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथं विमान संपलं. पिसांनी भरलेलं विमान हलकंच उडेल, पण त्यात दुसऱ्या कुणाची पेटी मावणार नाही. शिशानं भरलेलं विमान आतून बरंचसं मोकळं दिसेल आणि तरीही एक पेटी जास्त घेता येणार नाही. म्हणून फॉरवर्डर, म्हणजे अनेकांचा माल गोळा करून विमानातली जागा घाऊक विकत घेणारा मधला व्यापारी, जड आणि हलका माल एकाच पॅलेटवर, म्हणजे माल बांधायच्या सपाट फळीवर, शेजारी शेजारी बसवतो. जडवाल्याकडून वजनाचं भाडं घ्यायचं, हलक्यावाल्याकडून जागेचं घ्यायचं, आणि विमान कंपनीला मात्र दोन्ही मिसळून झालेल्या पॅलेटचं द्यायचं. मला हा प्रकार थोडा चलाख आणि बराचसा देखणा वाटतो.

विमानानं नाशवंत माल जातो असं आपण म्हणतो. फुलं, मासे, लसी. पण कंपनीच्या घरात सगळ्यात नाशवंत वस्तू तिची स्वतःचीच असते, ती म्हणजे जागा. चाकं धावपट्टीवरून सुटली की भरायची राहिलेली जागा सुटलेल्या एसटीतल्या रिकाम्या सीटसारखी होते. उद्या तिचं तिकीट फाडता येत नाही. ही एक गोष्ट मनात धरून ठेवा. पुढे जे जे येईल ते याच एका गोष्टीजवळ नेऊन पाहायचं आहे.

आता एका खऱ्या कंपनीकडे जाऊ. कार्गोलक्स. स्थापना ४ मार्च १९७०, लक्झेंबर्गमध्ये. तिथली लक्सएअर, आइसलँडची लॉफ्टलेयदिर ही विमान कंपनी आणि स्वीडनचा सालेन हा जहाजवाला उद्योगसमूह, असे मुख्य भागीदार. पहिली विमानं कॅनडात बनलेली सीएल-४४. त्यांची शेपूट बिजागरीवर सबंध बाजूला वळायची आणि मागून थेट माल आत जायचा.

देशाचं आकारमान डोळ्यांसमोर आणा. लक्झेंबर्ग २,५८६ चौरस किलोमीटरचा आहे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण निम्मा. समुद्र नाही, बंदर नाही. एवढ्याशा देशाचा स्वतःचा असा माल तो किती असणार? आणि तरीही युरोपातल्या सगळ्यात मोठ्या, फक्त माल वाहणाऱ्या विमान कंपन्यांपैकी एक इथल्या फिंडेल विमानतळावर उभी आहे. उत्तर शोधण्याची घाई करू नका. आधी विमानतळाबाहेरचा रस्ता पाहा.

जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, सगळे काही तासांच्या अंतरावर. तिकडून ट्रक येत राहतात. यातल्या अनेक ट्रकांना चक्क उड्डाण क्रमांक असतो. माल एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालाच्या पावतीवर, चढला की कागदाच्या लेखी तो प्रवास हवाईच, मग चाकाखाली डांबर का असेना. ड्रायव्हर हायवेवरच्या हॉटेलात कॉफी पीत बसलेला असतो आणि नोंदीत त्याची गाडी ‘फ्लाइट’ असते. म्हणजे कंपनीचं अंगण देशाच्या सीमेशी संपत नाही, ट्रक एका रात्रीत जिथवर पोहोचेल तिथवर ते पसरतं. छोटा देश इथं आड आला नाही, उलट सोयीचा ठरला.

तुमच्या खोक्यालाही हाच कागद लागेल. त्यावर अकरा आकडे असतात. पहिले तीन विमान कंपनीचे, कार्गोलक्सचे १७२. पुढचे सात अनुक्रमांकाचे, समजा १२३४५६७. शेवटचा आकडा मनातल्या मनात काढून पाहा: या सात आकड्यांना ७नं भागून जी बाकी राहते, तोच तो. इथं ५ उरतात. घाईत कुणी एखादा आकडा चुकीचा टंकला तर बहुतेक वेळा बाकी जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते. बाकी ६च्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे जगातल्या कुठल्याही एअरवे बिलाच्या शेवटी ७, ८ किंवा ९ येत नाही. या क्षुल्लक नियमावर जगभरातल्या गोदामांचा विश्वास टेकलेला आहे, आणि ते भागाकार करताना मला दर वेळी बरं वाटतं.

चला, आता विमानात शिरू. बोइंग ७४७-८ मालवाहू. लांबी ७६ मीटरच्या वर. आत खुर्च्या नाहीत, खिडक्या नाहीत. जमिनीवर धातूचे रूळ आणि फिरत्या गोळ्या, ज्यांच्यावरून कित्येक टनांचं पॅलेट मोजकी माणसं ढकलू शकतात. मुख्य मजल्यावर ३४ पॅलेट बसतात. एकूण माल १३० टनांच्या वर. या बोगद्याच्या मध्यभागी मनानं उभे राहा आणि पुढे, नाकाकडे पाहा. नाक वर उचललं जातं आणि समोर आकाश दिसतं.

वैमानिक कुठं आहेत? वर, माडीवर. ७४७चं ते ओळखीचं कुबड प्रवाशांच्या हौसेसाठी आलेलं नाही. १९६०च्या दशकात बोइंगचे अभियंते जो सटर आणि त्यांचे सहकारी हे विमान आखत होते, तेव्हा सगळ्यांची खात्री होती की उद्याचे प्रवासी स्वनातीत विमानांनी जातील आणि ७४७ मालवाहतुकीत उरेल. मग नाकातून सरळ माल आत जायला हवा, आणि वाटेत वैमानिकांची केबिन नको. केबिन वर गेली, तिच्या मागे कुबड आलं. स्वनातीत विमानांचं पुढे फारसं काही झालं नाही. जंबोच्या वरच्या मजल्यावर बसून ज्यांनी रुबाबात प्रवास केला, त्यांच्या पायाखालची ती उंची पेट्यांसाठी काढलेली होती.

आणखी जवळून पाहा. केबिन वर असल्यामुळे नाकाच्या दारातून उंच वस्तू जात नाही, अडीच मीटरच्या आतलीच जाते. पण लांबीला तिथं बंधन कमी. उंच माल बाजूच्या दारानं, ते सुमारे तीन मीटर उंच. तेल विहिरींच्या नळ्यांसारखं लांबलचक काही असेल तर नाकातून. कोणती पेटी कुठं आणि कोणाआधी, हे लोडमास्टर ठरवतो. त्याला दोन नकाशे एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागतात, वजनाचा तोल आणि उतरण्याचा क्रम. जी पेटी पुढच्या थांब्यावर उतरायची, ती मागे अडकली तर सगळा माल बाहेर काढावा लागतो. जून २०१९मध्ये कार्गोलक्सच्याच विमानातून दोन पांढऱ्या बेलुगा व्हेल माद्या शांघायहून आइसलँडला गेल्या. पाण्याच्या टाक्या, पशुवैद्य आणि देखरेख करणारी माणसं यांच्यासह. हलणारं पाणी आणि त्यात हलणारा जीव. त्या दिवशीच्या तोलाची कल्पना करत थोडा वेळ बसा.

आणि मग परतीचा विचार करा. बहुतेकांच्या लक्षात न येणारी अडचण इथं आहे. माणूस जातो तसा परत येतो, माल परत येत नाही. चीनमधून युरोपकडे मोबाइल, यंत्रं, कपडे भरभरून निघतात. युरोपातून तिकडे तेवढं जात नाही. विमानाला मात्र परत जावंच लागतं, आणि ७४७ तासाला दहा टनांच्या आसपास इंधन पितं; पोट रिकामं असलं तर थोडं कमी, पण पितंच. मग गेल्या वाटेनंच परतायचं कशाला? एका थांब्यावर यंत्रं उतरवायची, पुढच्यावर औषधं घ्यायची, नैरोबीला गुलाब भरायचे, कधी पृथ्वीला पूर्ण वळसा घालूनच घरी यायचं. मालवाहू कंपनीचा मार्ग नकाशावर वेडावाकडा दिसतो, कारण तो रिकाम्या जागेपासून पळत असतो.

इथं वाढ कशाला म्हणायची, हा प्रश्न आता घ्या. कार्गोलक्सनं पहिलं ७४७ १९७९मध्ये आणलं. १९९३मध्ये ७४७-४०० मालवाहू उडवणारी ती जगातली पहिली, २०११मध्ये ७४७-८ मालवाहू उडवणारीही पहिली. वर्षानुवर्षं ताफ्यात फक्त ७४७. एकच जातकुळी असली की कुठलाही वैमानिक, कुठलाही मेकॅनिक, कुठलंही पॅलेट जवळजवळ कुठंही चालतं. पन्नास वर्षांनंतर विमानं किती? तिसाच्या आसपास. प्रवासी कंपन्यांच्या शेकड्यांपुढे हा आकडा लहान वाटतो. पण २०१४मध्ये चीनच्या हेनान प्रांताच्या सरकारी कंपनीनं ३५ टक्के हिस्सा घेतला आणि झेंगझोऊ हे दुसरं केंद्र झालं. तेही लक्झेंबर्गसारखंच समुद्रापासून दूर, आणि त्याच्या दारात आयफोन जोडणारा अवाढव्य कारखाना. वाढ झाली ती दोन टोकांची गाठ बांधून.

मग २०२० आलं. जगातला निम्म्याच्या आसपास हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो; ती विमानं जमिनीवर बसली आणि जागा एका झटक्यात नाहीशी झाली. भाडी गगनाला भिडली. त्या वर्षी कार्गोलक्सचा नफा ७६ कोटी डॉलरच्या वर गेला, पुढच्या वर्षी त्याहून बराच जास्त. विमानं तेवढीच, चालवणारी माणसं जवळजवळ तेवढीच. मास्क आणि चाचणीचे संच पोहोचले, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र धरा, एकीनं दुसरीला झाकू नका.

जागेचं मोल कळलेल्यांना तिचा मोहही होतो. २०१०मध्ये युरोपीय आयोगानं अधिभार संगनमतानं ठरवल्याबद्दल अकरा हवाई माल कंपन्यांना दंड केला. कार्गोलक्सच्या वाट्याला ७ कोटी ९९ लाख युरो आले. २०१५मध्ये न्यायालयानं प्रक्रियेतल्या त्रुटीवरून तो निर्णय रद्द केला आणि २०१७मध्ये आयोगानं पुन्हा दंड लावला. यावर फार रेंगाळायला नको.

त्यापेक्षा थोडं आपल्याकडे पाहू. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती मुख्यतः जहाजानं, थंड कंटेनरमधून, काही आठवडे पाण्यावर. हापूस बहुतेक विमानानं जातो. दोघांत अधिक किमती कोण, एवढ्यावरच हे ठरत नाही. द्राक्ष थंडीत थांबून राहतं. हापूस आढी सोडली की कुणासाठी थांबत नाही, आणि फार गारवा त्याला मानवतही नाही. उडण्याचा हक्क वस्तूच्या दिमाखातून येत नाही, तिच्या थांबण्याच्या ताकदीतून येतो. जहाजापेक्षा विमानाच्या मालामागे कित्येक पट कार्बन हवेत जातो, हे त्या आंब्याच्या पेटीवर कुठं लिहिलेलं नसतं. तुमच्या खोक्यातल्या वस्तूला थांबता आलं असतं का? उत्तर लगेच द्यायची गरज नाही.

शेवटी पुन्हा विमानाच्या दाराकडे. बोइंगनं अखेरचं ७४७ जानेवारी २०२३मध्ये दिलं. तेही मालवाहू होतं. कार्गोलक्सनं आपल्या जुन्या ७४७-४००च्या जागी १० नव्या ७७७-८ मालवाहू विमानांची मागणी नोंदवली आहे. चाराऐवजी दोन इंजिनं, इंधन कमी. पण त्यांचं नाक उघडत नाही, वैमानिक नेहमीच्या जागी बसतात आणि सगळा माल बाजूच्या एकाच दारानं. बहुतेक पेट्यांना त्यानं काहीच फरक पडणार नाही, त्या आजही बाजूनंच चढतात. प्रश्न आहे तो उरलेल्या लांबलचक मालाचा. ७४७-८ आणखी बरीच वर्षं उडतील, तोवर त्याला वाट आहे. त्यानंतर अँटोनोव्ह-१२४सारखी नाक उघडणारी मोजकी विमानं उरतात, आणि त्यांची बांधणीही कधीच थांबली आहे.