हडळीला नैवेद्य, शेजारणीला शासन

रक्तपिपासू भूत म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे 1897 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला किल्लेदार सरदार उभा राहतो. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या समजुतींतून हा सरदार घडला, त्यांचे भूत मुळीच खानदानी नव्हते, ते काल-परवा पुरलेले, गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीचे प्रेत होते. 1718 च्या तहान्वये सर्बियाचा बराचसा मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेल्यानंतर, 1725 साली किसिल्येव्हो नावाच्या खेड्यात आठ दिवसांत नऊ माणसे दगावली, तेव्हा पेटार ब्लागोयेविच या मृत इसमाचे थडगे उकरण्याचा हट्ट गावकऱ्यांनी धरला आणि फ्रोंबाल्ड नावाच्या बादशाही अंमलदाराला नाइलाजाने तेथे हजर राहून रीतसर पंचनामा करावा लागला. प्रेत ताजे दिसत होते, तोंडात रक्त होते, जुनी नखे गळून त्यांच्या जागी नवी दिसत होती. गावकऱ्यांनी सुळाने छाती भेदली आणि प्रेत जाळले. थंड मातीत मंदगतीने कुजणारे शरीर वायूने फुगते, फुप्फुसांतला काळसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो, आणि वरची त्वचा सोलवटली की खालची कोवळी त्वचा नव्या नखांसारखी भासते, एवढाच त्या पंचनाम्याचा वैद्यकीय अर्थ आहे. पुढे 1755 साली महाराणी मारिया तेरेसाने आपला राजवैद्य व्हान स्वीटेन याच्या अभिप्रायावरून अशी थडगी उकरण्यास आणि प्रेते जाळण्यास मनाई करणारा हुकूम काढला.

आपल्याकडे प्रेतांचे दहन होते म्हणून असले भूत येथे उपजले नाही, असे स्पष्टीकरण सहज सुचते, परंतु ते मला पुरेसे वाटत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या मुखेडचेच पाहा. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत लिंगायत समाज मोठा आहे, आणि तो मृताला बसवून समाधी देतो. मुसलमान दफन करतात. इतरही काही जातींत पुरण्याची चाल आहे. तरीही साथ आली म्हणून थडगे उकरून प्रेताची झडती घेण्याची प्रथा येथे रूढ झाली नाही. या प्रदेशाचे भय पुरुषाच्या शवाभोवती फिरतच नाही. ते फिरते बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीभोवती, जिला कोणी हडळ म्हणतात, कोणी अळवंतीण. अशा स्त्रीची इच्छा अपुरी राहिलेली, कूस रिती झालेली, म्हणून ती परतते, तरुणाला झुरवते, तान्ह्या मुलाला पछाडते, बाळंतिणीचे रक्त आटवते. लोकसमजुतींचा अभ्यासक विल्यम क्रुक याने 1896 साली उत्तर हिंदुस्थानातील चुडेलीसंबंधी नोंदवले आहे की, अशा प्रेताच्या बोटांत खिळे ठोकीत आणि वाटेवर मोहऱ्या पेरीत. मलाया देशात अशाच स्त्रीच्या तोंडात काचमणी, काखेत अंडी आणि तळहातांत सुया ठेवीत, म्हणजे तिला किंचाळता येऊ नये आणि पंखांसारखे हात पसरून उडता येऊ नये. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी एकाच मृत्यूला इतके घाबरावे, याचे कारण भुताटकीत शोधण्यापेक्षा सूतिकागृहात शोधणे अधिक सयुक्तिक होय. ज्या मृत्यूची कोणत्याही दप्तरात नोंद झाली नाही, त्याची नोंद लोकांनी हडळीच्या रूपाने ठेवली.

बंगाल-मुंबईकडे या समजुतींची निदान टाचणे तरी झाली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने प्रश्नावलीद्वारे शाळामास्तरांकडून मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करवल्या होत्या. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्यानंतर ते कागद एन्थोव्हेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत छापले. मुखेड मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हा त्या प्रश्नावलीची पोहोच येथवर कोठून असणार?

आता या भयाचा दुसरा आणि अधिक विलक्षण भाग पाहू. रक्त पिणाऱ्या शक्तीला आपल्या परंपरेने सूळ मारला नाही. तिला पाट मांडला. महाभारताच्या सभापर्वातील जरा ही राक्षसी मांस आणि रक्त यांवर जगणारी, परंतु दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिनेच सांधले आणि घरोघरच्या भिंतींवर गृहदेवी म्हणून तिचे चित्र रेखले जाऊ लागले. लेकरे खाणारी हारीती यक्षिणी बुद्धाने तिचेच धाकटे मूल लपवल्यावर शुद्धीवर आली आणि मुलांची रक्षणकर्ती झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पांचिकासह ती आजही बसलेली आहे. रक्तबीजाच्या अंगातून गळणारा प्रत्येक थेंब जमिनीवर पडण्यापूर्वी पिऊन टाकणारी चामुंडा, जिच्या खपाटीला गेलेल्या पोटावर शिल्पकार विंचू कोरतो आणि जिच्या पायांखाली प्रेत घालतो, तिला आपण माता म्हणतो. ज्या वेताळाचे नाव काढताच मुले दचकतात, त्याला गावकुसाबाहेर शेंदूर माखलेला तांदळा मिळतो, आणि गोमंतकात तर तो रात्री गस्त घालून पायताणे झिजवतो म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात.

सटवाईचे उदाहरण तर घराघरातले आहे. पाचव्या-सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, म्हणजे ती येऊन बाळाचे भाग्य लिहील. आणि न पुजली तर बाळ नेईल. ही तिथी लोकांनी हवेतून काढलेली नव्हती. विळ्याने किंवा मिळेल त्या पात्याने नाळ कापल्यावर होणारा नवजाताचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारासच प्रकट होई. बाळ अंगावर पिईनासे होई, आकडी येई, आणि मृत्यू नियोजित वेळी आल्यासारखा येई. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस आणि सुईणीच्या हाती स्वच्छ पाते आल्यावर ही भीती निराधार झाली. 2015 साली माता व नवजात यांच्या धनुर्वातापासून भारत मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. सटवाईची पूजा मात्र चालू आहे, आणि चालू राहिली तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही, असे माझे मत आहे.

बिघडते ते दुसरीकडे. अदृश्य रक्तपिपासूंविषयी एवढे औदार्य दाखवणारा हाच समाज, संशय जिवंत स्त्रीवर आला की विलक्षण निष्ठुर होतो. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही अंगांना भानामतीची समजूत घट्ट चिकटलेली आहे, आणि नांदेड-लातूर तिच्या अगदी मध्यावर येतात. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर फुल्या उठतात, सुना कुत्र्या-मांजरांसारख्या ओरडू लागतात, आणि म्हशीच्या सडातून दुधाऐवजी रक्त येते. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर काळे डाग आणि फोड उठतात, हे बिब्बा हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. सुनेच्या ओरडण्यात, जिला एरवी बोलण्याची मुभा नाही तिचे बोलणे असते. आणि दुधातले रक्त ही दगडीची, म्हणजे कासदाहाची, खूण आहे. परंतु घरचे लोक पशुवैद्याकडे न जाता जाणत्याकडे जातात, जाणता गावातल्याच कोणाकडे बोट दाखवतो, आणि ते बोट बहुधा जिच्या पाठीशी कोणी नाही अशा एकट्या बाईवर किंवा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या माणसावर स्थिरावते. सर्बियातल्या शेतकऱ्याने ज्याची विटंबना केली तो निदान मेलेला होता.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या मसुद्याला सही मिळण्यासाठी एका माणसाचे रक्त सांडावे लागले, याची लाज राज्यकर्त्यांनी बाळगावयास हवी होती. या कायद्याच्या अनुसूचीत एक बाब अशी आहे की, अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे आणि तिचे जगणे कठीण करणे हा अपराध होय. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. मारिया तेरेसाच्या हुकुमाने मृतांना संरक्षण मिळाले, आपल्या कायद्याने जिवंतांना. आपला प्रश्न अधिक निकडीचा होता, आणि त्याचे उत्तर अडीचशेहून अधिक वर्षे उशिरा आले.

कायदा झाला म्हणून भय आटत नाही, कारण भयाच्या तळाशी असलेली रक्ताची तूट खरी आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लहान वयात लग्न, लागोपाठची बाळंतपणे, सर्वांचे झाल्यावर उरलेले ताट, आणि ऊसतोडीच्या टोळीत दिवस भरत आलेल्या बाईच्या डोक्यावरची मोळी; यातला प्रत्येक घटक रक्त पितो, आणि यातल्या एकालाही कोणी जाणता गुन्हेगार ठरवत नाही.

म्हणून मुखेडपासून उदगीरपर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे की, त्या अनुसूचीतली दुधाची बाब ठळक मराठीत लिहून चावडीवर लावावी. ज्याच्या म्हशीच्या सडातून रक्त येईल त्याने त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे, आणि ज्याच्या घरची सून झुरत असेल त्याने जाणत्याच्या दारी बसण्याआधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तिचे रक्त तपासून घ्यावे.